झीजफळीची निवड आणि बांधणी

म्हैसूर, म्हणजेच आजचे मैसूरु, हे नगर रेशीम आणि चंदन यांच्याइतकेच शिसवी लाकडावरील जडावकामासाठी प्रसिद्ध आहे. १८९७ साली येथील जुना लाकडी राजवाडा आगीत सापडला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेला नवा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाला. हस्तिदंत जडविलेले त्यातील शिसवी दरवाजे या कलेचे उत्तम नमुने मानले जातात. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि हस्तिदंताची जागा मुख्यतः निरनिराळ्या रंगांच्या लाकडांनी व कृत्रिम द्रव्यांनी घेतली. कामाची रीत मात्र मूलतः तीच राहिली. चित्राचे तुकडे बारीक करवतीने कापावयाचे, त्यांच्या आकाराची उथळ खाच शिसवी फळीत कोरावयाची, तुकडे तीत चिकटवावयाचे आणि शेवटी सर्व पृष्ठभाग घासून एकसारखा करावयाचा.

या कामाचे मर्म खाचेच्या खोलीत आहे. खाच एके ठिकाणी खोल व दुसऱ्या ठिकाणी उथळ झाली, तर एक तुकडा खाली बसतो आणि दुसरा वर राहतो. मुरलेला कारागीर पटाशी चालविताना बोटांच्या अग्रांनी ही खोली जोखत असतो आणि चूक घडण्यापूर्वीच हात आवरतो. तेच काम एखाद्या हौशी माणसाने घरच्या छोट्या संगणक-नियंत्रित राउटरवर करावयाचे ठरविले, तर बोटांची ही जाणीव यंत्राला नसते. फळी कोठे आहे हे यंत्राला दिसत नाही. फळी ज्या पृष्ठावर ठेवली आहे ते पृष्ठ समतल आहे असे ते गृहीत धरते. हे गृहीत खरे ठरविण्याचे काम मेजावर अंथरलेली एक साधी, स्वस्त आणि झिजण्यासाठीच बसविलेली फळी करीत असते. तिला इंग्रजीत स्पॉइलबोर्ड म्हणतात. मराठीत तिला झीजफळी म्हणता येईल.

यंत्राची दृष्टी

आकड्यांच्या साहाय्याने यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांच्या कामातून पुढे आली आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली अशा पहिल्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या यंत्राचा नियंत्रक एखादे मोठे कपाट भरेल एवढा होता. आज तेच काम तळहातावर मावणारे मंडल करते, आणि म्हणून राहत्या घराच्या एखाद्या खोलीतही असे यंत्र उभे राहू शकते.

यंत्र लहान असो वा मोठे, त्याचे तत्त्व एकच आहे. वेगाने फिरणारे कटर तीन अक्षांवर सरकते: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. पहिल्या दोन अक्षांतील चूक डोळ्यांना लगेच दिसते, कारण तिच्यामुळे आकृतीच वाकडी होते. तिसऱ्या अक्षातील चूक काम संपेपर्यंत लपून राहते. खाच दोन मिलिमीटर खोल असावी अशी आज्ञा दिली, तर कटर आपल्या शून्यापासून दोन मिलिमीटर खाली उतरते. वस्तू तेथे अर्धा मिलिमीटर वर उचललेली असेल, तर खाच अडीच मिलिमीटरांची होईल आणि यंत्र तीच बरोबर समजेल.

झीजफळीची तीन कामे

कापण्याच्या प्रत्येक कामात हत्यार आणि मेज यांच्यामध्ये काही तरी घालावे लागते. भाजी चिरताना खाली पाट घेतात, खाटीक लाकडी ओंडक्यावर मांस तोडतो. झीजफळीचे पहिले काम याच जातीचे आहे. आरपार कापताना कटरचे टोक वस्तूच्या थोडे खाली, सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर, जाऊ द्यावे लागते. एरवी तळाशी तंतूंचा पातळ पापुद्रा शिल्लक राहतो. हा अधिकचा घाव झीजफळी सोसते. ती नसेल तर मेजाचे ॲल्युमिनियम खरवडले जाते आणि कटरचे नाजूक टोकही तुटते.

दुसरे काम वस्तूला धरून ठेवण्याचे. चापे, स्क्रू, दुहेरी चिकटपट्टी यांपैकी काहीही वापरले, तरी ते शेवटी या फळीच्याच आधाराने काम करते. तिसरे काम संदर्भपृष्ठाचे. उंची-खोलीची सर्व मापे ज्या पृष्ठावर अवलंबून असतात ते हे पृष्ठ होय. पहिल्या दोन कामांसाठी कोणतीही धड फळी पुरते. तिसऱ्यासाठी मात्र फळीची निवड, बांधणी आणि तासणी या तिन्ही गोष्टी जाणून कराव्या लागतात.

द्रव्याची निवड

सुताराला प्रथम सुचते ते अखंड लाकूड. परंतु अखंड लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे रुंदीच्या दिशेने फुगते व आकसते आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही. या असमान हालचालीमुळे फळी पन्हळीसारखी वळते. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे चिकटविलेले असल्याने ही हालचाल बरीच आवरली जाते. पण आतील थरांत पोकळ्या असू शकतात, तक्ता पिळलेला असू शकतो, आणि वरचा थर तासला गेला की खालचे आडवे तंतू व सरस उघडे पडून पृष्ठभाग खडबडीत होतो. भुशाच्या जाड कणांचा पार्टिकल बोर्ड स्वस्त खरा, पण त्याच्या कडा ढासळतात आणि स्क्रूची पकड लवकर सुटते. प्लॅस्टिकचे जाड पत्रे ओलावा शोषत नाहीत, परंतु ते उष्णतेने पसरतात व त्यांवर चिकटपट्टी नीट धरत नाही.

म्हणून बहुतेक ठिकाणी मध्यम घनतेचा तंतुफलक, म्हणजे बाजारातील एमडीएफ, निवडला जातो. लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून उष्णता व दाब यांच्या साहाय्याने तो तयार करतात. त्याला रेषांची दिशा नसते, गाठी नसतात, पोकळ्या नसतात; कटर त्यात सर्व दिशांनी सारखेच चालते आणि तासल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. साध्या उपयोगाच्या अशा फलकांसाठी भारतीय मानक आयएस १२४०६ आहे. खरेदी करताना तक्ता सपाट ठेवलेला होता की भिंतीला टेकवून उभा होता, हे अवश्य पाहावे. उभा ठेवलेला तक्ता मधोमध वाकलेला असतो आणि तो वाक सहजासहजी जात नाही. कोपरे फुगलेले दिसले, तर तक्त्याला पाणी लागले आहे असे समजावे.

एमडीएफचा मुख्य दोष ओलाव्याचा आहे. त्याची दोन्ही पृष्ठे घट्ट व गाभा सैल असतो. वरचे घट्ट पृष्ठ तासून काढल्यावर गाभा हवेशी अधिक संबंधात येतो. कोरड्या ऋतूतून पावसाळ्यात जाताना एक मीटर लांबीच्या फलकात सुमारे दोन मिलिमीटर वाढ होऊ शकते, आणि अठरा मिलिमीटर जाडीत काही दशांश मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. हे आकडे लहान वाटतील; परंतु जडावकामात जी चूक डोळ्यांना खुपते तीही याच मापाची असते.

जाडीचा हिशेब

मेज जर खाचांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे आणि ताठ असेल, तर एकच झीजफळी पुरते. मेज उघड्या चौकटीचे असेल, तर दोन थर घालावेत: खाली कायमची आधारफळी आणि तिच्यावर बदलता येणारी झीजफळी. दोन्ही अठरा मिलिमीटरच्या घेतल्या तर छत्तीस मिलिमीटर उंची खर्ची पडते. यंत्राच्या आडव्या पुलाखाली ऐंशी मिलिमीटर मोकळी जागा असेल, तर चव्वेचाळीस उरतात. कोरावयाच्या वस्तूची जाडी आणि कटर सुरक्षितपणे वर उचलण्यासाठी लागणारे अंतर ही दोन्ही त्यात बसली पाहिजेत. फलक विकत घेण्यापूर्वी हा हिशेब करावा.

आयुष्याचा हिशेबही असाच सोपा आहे. अठरा मिलिमीटरची झीजफळी दहा मिलिमीटर उरेपर्यंत वापरावयाची ठरविली, तर आठ मिलिमीटर तासण्यासाठी मिळतात. दर खेपेस ०.४ मिलिमीटर तासले, तर ती वीस खेपा पुरते. अर्थात स्क्रूचे माथे मूळ पृष्ठापासून निदान नऊ मिलिमीटर खाली बसविले असले पाहिजेत. हे विसरल्यास सहा महिन्यांनी, वर्षाने, केव्हा तरी कटर लोखंडाला भिडते. याच कारणासाठी जाणते लोक पितळेचे किंवा नायलॉनचे स्क्रू वापरतात. त्यांना कटर लागले तरी हानी कमी होते. मेजाची रचना अनुकूल असेल तर स्क्रू खालून घालणे सर्वांत उत्तम.

फळीची लांबी-रुंदी कटरच्या पोहोचीवरून ठरवावी. फळी त्या पोहोचीपेक्षा मोठी ठेवली, तर तासल्यानंतर कडेला न तासलेला उंच काठ शिल्लक राहतो. मोठी वस्तू त्या काठावर टेकते आणि मध्ये अधांतरी राहते. सर्व तासणी व्यर्थ जाते.

बसविण्याची रीत

आणलेला फलक लगेच बसवू नये. ज्या खोलीत यंत्र आहे त्याच खोलीत सारख्या जाडीच्या पट्ट्यांवर तो काही दिवस आडवा ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागून त्याचा ओलावा खोलीशी जुळतो. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा कोकणाइतकी दमट नसते. तरीही फेब्रुवारी-मार्चमधील कोरडी हवा आणि पावसाळ्यातील ओलसर हवा यांत मोठे अंतर आहे. रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या वाचकाने या बाबतीत अधिकच सावध राहिले पाहिजे.

मेज स्वच्छ पुसून घ्यावे. एखादा भुशाचा कण खाली राहिला, तरी फळी तेथे उचलली जाते. स्क्रूसाठी आधी भोक पाडावे आणि भोकाच्या खालच्या तोंडाशीही थोडी खोलगट वाटी करावी. एमडीएफमध्ये स्क्रू शिरताना भोकाभोवतीचे तंतू वर फुगतात. वाटी केली नाही तर हा फुगवटा दोन फळ्यांमध्ये पाचरीसारखा राहतो. मध्यावरील भोक स्क्रूच्या मापाचे ठेवून बाकीची भोके किंचित सैल ठेवावीत, आणि शेजारी चौकट किंवा पट्टी असेल तर दोन मिलिमीटरची फट सोडावी. फळी पावसाळ्यात वाढली की तिला पसरावयास जागा मिळते. चारी बाजूंनी करकचून आवळलेल्या फळीला वर फुगण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. आवळण्याचा क्रम मध्यापासून कडांकडे असावा. फळीच्या कडा व खालची बाजू बसविण्यापूर्वीच वॉर्निशने बंद कराव्यात.

वस्तू धरण्याची सोय याच वेळी ठरवावी. फळीत बसविलेल्या धातूच्या पन्हळ्या चाप्यांसाठी सोयीच्या असतात. ठरावीक अंतरावर बसविलेली आट्यांची नळकांडी लवचिक व्यवस्था देतात. जडावाच्या पातळ तुकड्यांवर चाप लावता येत नाही. त्यासाठी फळीवर व तुकड्यावर कागदी चिकटपट्टी लावून त्या दोन पट्ट्या शीघ्र सुकणाऱ्या गोंदाने एकमेकींस चिकटवितात. काम झाल्यावर दोन्ही सहज सुटतात.

स्वतःच्या कटरने तासणे

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. बसविलेली फळी पाणसळ लावून कितीही सपाट दिसली, तरी ती यंत्राच्या चालीला समांतर असेलच असे नाही. ती समांतर करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे त्याच यंत्राने, त्याच्याच कटरने तिचे सर्व पृष्ठ तासून काढणे. यंत्राच्या पुलाला मध्ये किंचित झोळ असेल, तर तासलेल्या फळीतही तेवढाच झोळ उतरतो. परंतु कटर व फळी यांमधील अंतर सर्वत्र सारखे राहते. खोली ठरते ती या अंतरावरून.

त्याआधी कटरचा दांडा मेजाला लंब आहे की नाही हे तपासावे लागते. पंचवीस मिलिमीटर व्यासाचे कटर अर्ध्या अंशाने कललेले असेल, तर त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि फळीवर शेतातील सऱ्यांसारख्या पायऱ्या उमटतात. तपासणीसाठी दांड्याला एक आडवा हात बांधून त्याच्या टोकाला डायल मापक लावतात आणि दांडा हाताने फिरवून चारी दिशांची मापे घेतात. दोनशे मिलिमीटर व्यासाच्या फेरीत ०.१ मिलिमीटरचाच फरक आला, तर तो कल पंचवीस मिलिमीटरच्या कटरखाली ०.०१ मिलिमीटरच्या आसपास उरतो. हौशी कामाला तेवढे पुरेसे आहे.

न तासलेली फळी स्वतःच वाकडी असू शकते. म्हणून प्रथम एक हलकी तासणी करावी, तासलेल्या पृष्ठावर जाड सपाट काच ठेवून दांड्याचा लंब तपासून घ्यावा आणि मग अंतिम तासणी करावी. तासण्यापूर्वी सर्व फळीवर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात. काही रेषा शिल्लक राहिल्या तर तो भाग अजून खोलगट आहे. शेवटची रेषा पुसली गेली की पृष्ठ पूर्ण झाले. एका वेळी ०.३ ते ०.५ मिलिमीटरपेक्षा अधिक काढू नये आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवावी. दोन धारांचे कटर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल आणि मिनिटाला २,४०० मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक धार ०.१ मिलिमीटर जाडीचा कीस काढते. यापेक्षा फारच सावकाश चालविल्यास कटर कापण्याऐवजी घासते आणि तापते.

शून्य कोठे धरावे

तासलेल्या फळीचा लाभ घ्यावयाचा तर शून्याची जागा विचारपूर्वक निवडली पाहिजे. आरपार कापणीसाठी शून्य झीजफळीवर धरावे. मग वस्तूची जाडी थोडी कमी-अधिक असली, तरी कटर फळीत ठरलेल्यापेक्षा खोल जात नाही. खाच कोरताना मात्र शून्य वस्तूच्या वरच्या पृष्ठावर धरावे, कारण तुकडा त्या पृष्ठाशी एकसारखा बसावयाचा असतो. यासाठी वस्तूची जाडी सर्वत्र सारखी असणे आवश्यक आहे. ती तशी नसेल, तर त्याच फळीवर चिकटवून तिचे वरचे पृष्ठ आधी हलके तासून घ्यावे.

येथे एक उदाहरण उद्बोधक ठरेल. तीनशे मिलिमीटर लांबीच्या शिसवी फळीत दोन मिलिमीटर खोल खाच कोरावयाची आहे आणि खालची झीजफळी या लांबीत ०.४ मिलिमीटरने उतरती आहे. शून्य मध्यावर धरला, तर एका टोकाला खाच २.२ व दुसऱ्या टोकाला १.८ मिलिमीटरची होते. फणसाच्या पिवळ्या लाकडाचा दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा एकीकडे बुडतो, दुसरीकडे वर येतो. बुडालेल्या तुकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी भोवतालची शिसवी घासावी लागते, आणि तोवर वर आलेला तुकडा पातळ होऊन जातो.

टोकदार, साठ अंशांच्या कटरने केलेल्या जडावात चूक आडव्या दिशेलाही पसरते. खोलीत ०.१ मिलिमीटर फरक पडला की खाचेची रुंदी ०.१ मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक बदलते. गडद शिसवीवर फिक्या लाकडाभोवती एवढीही फट रेषेसारखी उठून दिसते.

ही चूक शिसवीवर होणे परवडणारे नसते. म्हैसूरच्या जडावाचे हे लाकूड, कन्नडमधील बीटे, शास्त्रीय नावाने डाल्बर्जिया लॅटिफोलिया, सावकाश वाढते आणि महाग असते. डाल्बर्जिया या संपूर्ण प्रजातीचा समावेश २०१७ साली सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. म्हणून झीजफळी तासल्यानंतर प्रथम आंब्याच्या किंवा अन्य स्वस्त फळीवर चारी कोपऱ्यांत व मध्यावर सारख्या खोलीच्या पाच खाचा कोराव्यात, त्यांची खोली मापावी आणि मगच शिसवी हातात घ्यावी.

निगा आणि सावधगिरी

झीजफळी एकदा तासून कायमची सरळ होत नाही. पावसाळा सुरू झाल्यावर आणि तो संपून हवा कोरडी पडल्यावर ती पुन्हा तपासावी. यंत्र हलविले, दांडा काढून बसविला किंवा फळीचे स्क्रू पुन्हा आवळले, तरीही तपासणी आवश्यक आहे. खोल ओरखडे लाकडाच्या लांबीने भरून घेता येतात. मात्र ती वाळल्यावर पृष्ठ पुन्हा तासावे. पाण्याने पुसणे कटाक्षाने टाळावे.

तासणीतून निघणारा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि तो बराच वेळ हवेत तरंगतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. एमडीएफच्या राळेत बहुधा फॉर्माल्डिहाइड असते आणि शिसवीची धूळ काहींच्या त्वचेला बाधते. भुसा ओढून घेणारा पंखा, नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा आणि डोळ्यांवर चष्मा ही साधने तासणीच्या वेळी अपरिहार्य आहेत. चालू यंत्र सोडून खोलीबाहेर जाऊ नये, कारण बोथट कटरखाली साचलेला भुसा पेटू शकतो.

जडावाची तयार वस्तू पाहणाऱ्याला शिसवीचा गडद रंग दिसतो, त्यातील हत्ती किंवा रानवाट दिसते, तुकड्यांचा मिळून आलेला सांधा दिसतो. यंत्राला खाचेचा गोलाई राहिलेला कोपरा काढता येत नाही. तो शेवटी पटाशीनेच साफ करावा लागतो, आणि रंगांची निवड तर पूर्णपणे माणसाचीच. खोली सर्वत्र सारखी राखण्याचे काम मात्र त्याच्याकडे सोपविता येते, आणि ते यंत्र ते काम किती इमानाने करील हे खाली अंथरलेल्या, घाव सोसणाऱ्या आणि वेळोवेळी तासून घेतलेल्या फळीवर अवलंबून असते.